मुलीचा ओटीपी बापाच्या फोनवर

मूल कॉलेजात गेले की आपल्या वस्तीत चार प्रश्न ठरलेले असतात. फी किती भरली, शिष्यवृत्ती आली का, वसतिगृहात नंबर लागला का आणि नोकरी कधी लागेल. महिला मंडळाच्या कामाने मी घरोघर फिरते. पण ‘तुझ्या कॉलेजात नेट चालतं का गं, कॉम्प्युटरवर बसू देतात का?’ असे मुलीला विचारणारे आईबाप मला बोटावर मोजण्याइतकेच भेटले. नेट म्हणजे चैन, नेट म्हणजे गाणी आणि पिक्चर, अशी आपली पक्की समजूत. ज्यांनी आयुष्यभर घाम गाळला त्यांना पोरे तासन् तास बोटाने काच घासताना दिसली तर दुसरे काय वाटणार?

पण आजचे कॉलेज नेटवर चालते, ही गोष्ट आपण मान्य केली पाहिजे. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, हॉलतिकीट, निकाल, सरांच्या नोट्स, उद्या तास आहे की नाही, सगळे फोनवर येते. भिंतीवर नोटीस बोर्ड आहे, पण त्यावर मागच्या वर्षीचेच कागद. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अख्खे कॉलेजच फोनमध्ये जाऊन बसले. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१७-१८ साली, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी झाली होती. तिच्यात देशातील शंभर घरांपैकी जेमतेम अकरा घरांत संगणक आढळला. खेड्यापाड्यात तर शंभरात चार घरांत. घरी इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शंभरात चोवीसच्या आसपास. ही सर्व जातीधर्मांची मिळून सरासरी झाली. त्यात आपला वाटा किती असेल हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही, वस्तीतून एक चक्कर मारली तरी पुरे.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि घरोघरी फोन आला हे खरे. पण घरात पाच माणसे आणि चांगला फोन एक. तो कोणाच्या खिशात राहतो?

आमच्या गल्लीतल्या एका मुलीची हकिगत सांगते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील रात्रपाळीचे वॉचमन. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने वडिलांच्या नंबरवरून भरला, कारण आधारला तोच नंबर जोडलेला. उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो रात्री बल्बच्या उजेडात काढलेला, त्यामुळे अक्षरे धूसर. पडताळणीत अर्ज परत आला, त्रुटी दुरुस्त करून पुन्हा पाठवा असा संदेश आला. आला तो वडिलांच्या फोनवर. ते सकाळी सातला ड्युटीवरून येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. त्यांना इंग्रजी संदेश वाचता येत नाही, आणि दिवसाला वीस संदेश तर कर्जाचे आणि लॉटरीचेच असतात. मुलीला समजले तेव्हा मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. कॉलेजने पूर्ण फी मागितली. आईने बचत गटातून शेकडा दोन रुपये व्याजाने नऊ हजार उचलले.

मी तिच्या आईला म्हटले, “वहिनी, पोरीला स्वतःचा नंबर का नाही घेऊन दिला?”

“ताई, मोबाईल हातात दिला की पोरगी हातातून गेली म्हणून समजा. लोक काय बोलतात तुम्हाला ठाऊक नाही का?”

“आणि थोरल्याला दिलाय तो?”

“तो पोरगा आहे. त्याचं कामाचं असतं.”

थोरला बारावीला दोनदा बसून घरी आहे. त्याचे फोनवर काय काम असते ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण वहिनींना मी दोष देणार नाही. पोरीचे काही बरेवाईट झाले तर बोट आईकडेच दाखवतात. भीती खोटी नाही, पण तिचा हिशेब कुठे वसूल झाला? पोरीच्या शिक्षणातून.

आणि ही भीती फक्त आपल्या झोपडपट्टीतली नाही. केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात नियम केला होता की संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल जमा करायचा. अभ्यासाची वेळ म्हणून बंदी! बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने नियम मानायला नकार दिला, म्हणून तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा आणि घटनेच्या कलम २१ खालील खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, मुलीला वसतिगृहात परत घ्या. मुलगी हट्टी होती म्हणून नव्हे, तर पुस्तके, व्याख्याने, संदर्भ आता फोनवरच असतात हे न्यायालयाने मान्य केले म्हणून. कलम २१ ज्या राज्यघटनेत आहे ती कोणी लिहिली हे या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण त्याच घटनाकाराचा फोटो भिंतीवर लावलेल्या घरात मुलीचा फोन आई उशाखाली घेऊन झोपते.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत, ही गोष्ट प्रत्येक जयंतीला आपण ऐकतो. त्यांना ग्रंथालयाचे दार उघडे मिळाले, हा त्या गोष्टीतला निम्मा भाग मात्र कोणी सांगत नाही. २० जून १९४६ रोजी त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. ज्याच्याकडे दिवसाचा वेळ नाही त्याच्यासाठीही दार उघडे पाहिजे, हा त्यातला विचार.

आज ते दार बरेचसे इंटरनेटमध्ये आहे. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था कॉलेजांसाठी ‘एन-लिस्ट’ नावाची योजना चालवते. कॉलेज तिचे सभासद असेल तर ग्रंथपाल प्रत्येक विद्यार्थ्याला लॉगिन देऊ शकतो, आणि सहा हजारांवर नियतकालिके, लाखाहून जास्त ई-पुस्तके घरबसल्या वाचता येतात. मी पाच-सहा कॉलेजांतल्या मुलांना विचारले, एकालाही हे नाव माहीत नव्हते. त्यातल्या दोन कॉलेजांनी सभासदत्वाची वर्गणी भरलेली निघाली. मुलांनी मागितले नाही, म्हणून ग्रंथपालांनी दिले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तेरा हजारांच्या आसपास संशोधन नियतकालिके. चांगलीच गोष्ट आहे. पण ती मंजूर झाली ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या शासकीय संस्थांसाठी, आणि आपली बहुतेक मुले शिकतात खासगी संस्थांच्या कॉलेजांत.

बाबासाहेबांचे इंग्रजी ग्रंथ शासनाने १९७९ पासून खंडांत छापले. ते मिळवायला आपण किती रांगा लावल्या आणि किती वेळा ‘संपले’ हे उत्तर ऐकले, ते आठवा. तेच खंड आज परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टिपांसह आहे. हे मुलांना सांगितले की डोळे चमकतात. मात्र चार इंचांच्या पडद्यावर शंभर पानांचा ग्रंथ वाचायचा आणि अंगठ्याने तीस पानांचा प्रकल्प टाइप करायचा, हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळते. मुलांच्या हातात फोन दिला म्हणजे सरकारचे आणि कॉलेजचे काम संपले, असे मला वाटत नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ साली स्वाधार योजना आली. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला साठ हजार. त्यात भोजन आहे, निवास आहे, निर्वाह आहे. इंटरनेटचा रकाना नाही. महिन्याचे रिचार्ज आज तीनशेच्या घरात गेले आहे, ते जेवणातून काढायचे.

मागच्या वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालू असताना मी समितीपुढे विषय काढला की विहाराच्या वरच्या खोलीत ब्रॉडबँडची लाइन घ्या. महिना सातशे रुपये. एक काका म्हणाले, विहार हे धम्माचे ठिकाण, पोरे इथे बसून रील बघतील. काही बघतीलच. मी नेटची भक्त नाही. त्याच नेटवरून आपल्या दोन मुलांनी जुगाराच्या अ‍ॅपमध्ये बापाचा पगार घालवला आणि कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांनी एका ताईचे जगणे मुश्कील केले. पण जयंतीच्या डीजेला एका रात्रीचे पस्तीस हजार देताना ‘पोरे नाचतील’ अशी हरकत कोणी घेतली नव्हती. मी एवढे बोलले आणि खाली बसले. माझ्या मागून ग्रंथवाचनाला येणाऱ्या एका आजी उठल्या. सही करता येत नाही त्यांना. म्हणाल्या, “माझी नात रस्त्यावरच्या दिव्याखाली, दुकानाच्या वायफायला उभी राहते रात्री नऊला. तिला आत बसवा की.”

ठराव झाला. दोन जुने संगणक एका कार्यालयाच्या लिलावातून मिळाले. संध्याकाळी चार ते सात फक्त मुली, सात ते दहा मुले. दाराची किल्ली महिला मंडळाकडे.

कारकुनी केल्यामुळे कागदाची खोड मला आहे, ती इथे उपयोगी पडते. मुलींना पहिल्या दिवशी मी तीनच गोष्टी विचारते. आधारला नंबर कोणाचा? दुसऱ्याचा असेल तर आधार केंद्रात जाऊन आधी स्वतःचा लावून घ्या, ओटीपी त्यावरच येतो. बँक खात्याला आधार जोडले आहे म्हणता, पण ते डीबीटीसाठी जोडले आहे का? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बँकेत तसे स्पष्ट विचारा, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकते. आणि अर्ज भरून झाला की घरी बसू नका, दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. २०२१-२२ पासून भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यातली फी मग कॉलेजला आपणच भरायची असते. संदेश कळला नाही तर तिथेही घोटाळा होतो. कॉलेजची फीची पावतीही आणायला सांगते. तिच्यावर संगणक किंवा इंटरनेटचे शुल्क लावलेले असेल तर संगणक कक्ष किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे प्राचार्यांना लेखी विचारायला लावते. दोन मुलींनी विचारले. एका ठिकाणी कक्षाची वेळ दोन तासांनी वाढली, दुसऱ्या ठिकाणचे उत्तर अजून यायचे आहे.

नऊ हजारांचे कर्ज झालेली ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. स्वतःचा नंबर घेतला, फोन जुनाच, मामाने दिलेला. यंदाचा अर्ज तिने विहारातच भरला, दाखला दिवसा उजेडात स्कॅन करून. बचत गटाचे चार हजार अजून फिटायचे आहेत. वहिनी रोज सातला तिला न्यायला येतात, आणि आल्या की पाच मिनिटे दारातून पडद्याकडे बघत उभ्या राहतात. परवा विचारत होत्या, “ताई, हे मराठीत पण टाइप होतं का?” वहीत आतापर्यंत बावीस नावे आहेत, चौदा मुलींची. प्रिंटर नाही.