जाम कॉटर पिन, हातोडी आणि तुमचा डोळा

यंदा मे महिन्यात मानवतजवळच्या आमच्या गावी वडिलांची बावीस इंची काळी सायकल मोकळी करायला घेतली. कित्येक वर्षं ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. चेन लाकडासारखी ताठ, पेडल फिरेना, सीटचा दांडा हलेना. असं काम उन्हाळ्यात तुमच्यापैकीही बरेच जण काढतात, म्हणून हा लेख.

आधी 'जाम' होणं म्हणजे काय ते पाहू. लोखंडाला ओल आणि हवा लागली की गंज धरतो, आणि हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. नट-बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते जेमतेम केसाएवढी. तिथे गंज फुगून बसला की दोन्ही भाग एकमेकांना धरून ठेवतात. जोर लावाल तर आटे मरतील, नाहीतर बोल्ट तुटेल. त्यापेक्षा रॉकेलचे थेंब सोडा (हल्ली ते सहज मिळत नाही, डिझेलही चालतं), हलकेच टिचक्या मारा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तीन दिवस दिले. आणि हो, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सोडवतोय असं समजून लोक ते आणखी आवळत बसतात.

खरी अडचण कॉटर पिनेची. पेडलचा दांडा मधल्या ॲक्सलला जखडणारी ही पोलादी खुंटी ठोकूनच काढावी लागते, आणि इथे मला डॉक्टर म्हणून बोलायचं आहे.

पोलादावर पोलाद आपटलं की बारीक कपची उडते. कधी पिनेची, कधी हातोडीच्याच फुटलेल्या कडेची. तांदळाच्या कणीहून लहान, पण वेग प्रचंड. ती बुबुळावर रुतते किंवा बुबुळ भेदून आत जाते. आत गेली तर फार दुखतंच असं नाही. छेद आपोआप मिटतो, डोळा थोडा लाल, नजर सुरुवातीला चांगली. माणूस म्हणतो, "काही नाही सर, कचरा होता, निघाला." आत मात्र जंतुसंसर्ग झाला तर एक-दोन दिवसांत डोळा जाऊ शकतो. संसर्ग नाही झाला तरी लोखंड हळूहळू विरघळत आतला पडदा खराब करत राहतं.

म्हणून ठोकताना डोळ्यात काही उडाल्यासारखं वाटलं, तर दुखो न दुखो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि "हातोडी मारत होतो" हे आवर्जून सांगा. त्यावरूनच एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करायचा का ते ठरतं. एमआरआय करायचा नसतो, कारण चुंबकाने कपची आतल्या आत सरकते. तोवर डोळा चोळू नका, दाबू नका. पदराच्या टोकाने किंवा जिभेने कचरा काढून देणारे अजूनही गावोगावी आहेत, त्यांच्याकडे नको. मेडिकलमधून विचारून थेंबही नकोत. कागदी कपाचा तळ कापून डोळ्यावर ठेवा, कड भोवतालच्या हाडावर टेकवा, चिकटपट्टी लावा आणि निघा.

मी पिनेवर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकली, दांड्याला खालून पाइपचा आधार दिला. डोळ्यांवर बाजू झाकणारा पारदर्शक गॉगल होता. साधा चष्मा पुरत नाही. समोर उकिडवी बसून बघणारी लेकरं आधी उठवली. त्यांच्या चेहऱ्याची उंची नेमकी पिनेएवढीच असते!

गंजलेल्या लोखंडाने कापलं तर धनुर्वाताचं काय, असं तुम्ही विचारालच. त्याचे जंतू गंजामुळे तयार होत नाहीत. ते मातीत आणि शेणात असतात. गोठ्यातल्या सायकलला दोन्ही लागलेलं असतं, तेव्हा जखम साबणाने धुवा आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवून दवाखान्यात सांगा.

उरलेलं रॉकेल-डिझेल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. उन्हातून आलेलं लेकरू ती सरळ तोंडाला लावतं. प्यायलंच, तर उलटी काढायला मीठपाणी पाजू नका. उलटी होताना ते फुप्फुसात जातं आणि खरा धोका तिथेच आहे. तसंच उचलून दवाखान्यात आणा, बाटलीही सोबत आणा.