कुस्कोची धाप

लिमात सेमिस्टरसाठी होतो, तेव्हा एका वीकेंडला कुस्को गाठलं. समुद्रकाठावरून जेमतेम दीड तासात ३,४०० मीटरवर. हॉस्टेलच्या जिन्यातच धाप लागली. कोकाच्या पानांचा चहा प्यायलो. चव उकळलेल्या गवताची.

कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर. स्पॅनिशांनी त्यावर मठ बांधला. १९५०च्या भूकंपात मठाची पडझड झाली, खालच्या चुन्याविना रचलेल्या इंका भिंती मात्र टिकल्या. हे सगळं मी समोरच्या पायरीवर बसून वाचलं, कारण उठवतच नव्हतं.

तेवढ्यात बाबांचा फोन. त्यांना दमा आहे. लहानपणी ते जिन्यात मध्येच थांबायचे आणि मी वरून ओरडायचो, "लवकर या ना!"

"आवाज असा का येतोय?"

"चढ आहे, बाबा."

"मग टेक जरा. वरून कोण हाका मारतंय तुला?"