मानेतून माथ्याकडे जाणारी कळ
ऑक्सिपिटल न्यूराल्जियात मानेच्या वरच्या टोकापासून माथ्याकडे विजेच्या झटक्यासारखी कळ जाते. केस विंचरणे, उशीला डोके टेकणेही असह्य होते. गोळ्यांनी भागले नाही, तर ऑक्सिपिटल नसेभोवती बधिर करणाऱ्या औषधाचे, बहुधा स्टेरॉइडसह, इंजेक्शन देतात. त्याने कळ थांबली तर निदानालाही पुष्टी मिळते. मात्र हा आराम बऱ्याचदा काही आठवडे किंवा महिनेच टिकतो. पुढचा टप्पा शस्त्रक्रियेचा: स्नायूंत आवळलेली नस मोकळी करणे, ती कापणे किंवा त्वचेखाली विद्युत-उत्तेजक बसवणे. नस कापल्यास तो भाग बधिर होतो आणि वेदना परतूही शकते. म्हणून आधी कमी इजेचे उपाय करतात. स्कॅनमध्ये काही दिसले नाही तरी ही वेदना खरी असते. रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही.