पऱ्हाटीच्या ओळीत मावणारा ट्रॅक्टर

हुडकेश्वरच्या पुढे लेआउट संपले की अजून वावरं दिसतात. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. ट्रॅक्टर नांगरून-पेरून जातो. पण पीक गुडघ्याला लागलं की डवरणीला बैलजोडीच लागते. जोड्या राहिल्या किती? मग तणनाशक मारा, नाहीतर मजूर शोधा.

यावरचं यंत्र अमेरिकेत १९४७ मध्येच निघालं होतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘फार्मऑल कब’. जेमतेम १० हॉर्सपॉवरचा, खास लहान शेतकऱ्यासाठी. इंजिन मुद्दाम एका बाजूला, म्हणजे चालवणाऱ्याला पिकाची ओळ दिसावी. पोट उंच, डवरणीची अवजारं पोटाखाली.

हीच कंपनी १९६३ मध्ये महिंद्रासोबत भारतात उतरली. पण कांदिवलीत बनला तो बी-२७५, ३५ हॉर्सपॉवरचा. नांगरायला दणकट, उभ्या पऱ्हाटीत मात्र तो काय कामाचा?

आता १५-२० हॉर्सपॉवरचे लहान ट्रॅक्टर मिळतात. पण दोन-अडीच एकरवाल्यानं एकट्यानं कर्ज काढायचं का? गावच्या अवजारे बँकेत आधी डवरणीचा लहान ट्रॅक्टर यावा, मग मोठा. पुढच्या ग्रामसभेत हे विचाराच.

तुमच्याकडे यंदा डवरणी कशानं झाली? खाली लिहा.