छपराखालचा चौक

पुण्याहून निघताना आमच्या मनात एकच बेत होता. थोरल्या वहिनींना परत घेऊन यावयाचे. दादा गेल्यानंतर त्या आपल्या मुलाकडे, अमेरिकेतील मिनिआपोलिस शहराला लागून असलेल्या ईडायना नामक उपनगरात राहावयास गेल्या, त्यास चार हिवाळे झाले होते. जिचा उभा जन्म शनिवार पेठेत आणि मंडईच्या गजबजाटात गेला, त्या बाईने सत्तरीनंतर बर्फाकडे पाहत दिवस का कंठावे, हा आमचा प्रश्न. आणि त्याचे उत्तरही आम्ही आधीच ठरवून ठेविले होते. २०२३ च्या जानेवारीत आम्ही तेथे पोहोचलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी वहिनी साडीवर जाड कोट चढवून, पायांत पळण्याचे बूट घालून आमच्यापुढे उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "चला भाऊजी, चौकात जाऊन येऊ."

हा चौक म्हणजे साउथडेल नावाचा मॉल. मॉल या वस्तूविषयी आम्हांस प्रेम नाही. विद्यार्थ्यांसमोर तिची यथेच्छ निंदा करण्यात आमची कित्येक वर्षे गेली आहेत. परंतु ज्या वास्तूची आम्ही निंदा करीत आलो तिचा मूळपुरुषच आमच्यापुढे उभा आहे, हे त्या दिवशी घरी येऊन वाचावयास बसलो तेव्हा कळले. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी उघडलेले साउथडेल हे चोहोबाजूंनी बंद, आतील हवा बारमाही एकसारखी राखणारे अमेरिकेतील पहिले उपनगरी बाजारगृह होय. पुढे जगभर जे मॉल झाले, त्यांपैकी बहुतेकांचा नकाशा येथूनच उचललेला आहे.

आणि नवल असे की, ज्याने ते रचले तो व्हिक्टर ग्रुएन आमच्याहूनही कडवा बाजारद्वेष्टा होता. हा १९०३ साली व्हिएन्नात जन्मलेला यहुदी, समाजवादी मताचा, दिवसा वास्तुशास्त्र करणारा व रात्री राजकीय प्रहसने रंगविणारा गृहस्थ. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर तो देशोधडीला लागला व न्यूयॉर्कला उतरला तेव्हा त्याच्या खिशात आठ डॉलर होते, असे सांगतात. पोटासाठी त्याने दुकानांच्या दर्शनी बाजू सजविल्या. परंतु अमेरिकेची उपनगरे पाहून त्याचा जीव गुदमरे. घर, मोटार, दुकान, पुन्हा मोटार, पुन्हा घर. माणसाने माणसास सहज भेटावे असे ठिकाण कोठेच नाही! व्हिएन्नातले कॉफीगृह, कारंजे, चौक यांचा त्यास ध्यास लागला. हा चौक उपनगरात बांधावयाचा, आणि त्याचा खर्च दुकानदारांकडून काढावयाचा, अशी त्याची युक्ती होती.

खर्च करणारे त्यास भेटले ते डेटन बंधू. त्यांच्या आजोबांनी १९०२ साली मिनिआपोलिसच्या निकोलेट रस्त्यावर काढलेल्या दुकानाचे तोपर्यंत थोर महाभांडार झाले होते. शिवण्याच्या सुईपासून लग्नाच्या पोशाखापर्यंत सर्व एका घरात मिळावयाचे, भाव ठरलेला, घासाघीस नाही, अशी ही डिपार्टमेंट स्टोअरची संस्था. त्याच रस्त्यावर डोनाल्डसन यांचे, लोक ज्यास काचमहाल म्हणत असे, दुसरे भांडार होते. साउथडेलमध्ये डेटन यांनी या प्रतिस्पर्ध्यासही आपल्याच छपराखाली जागा दिली. वरवर वेडेपणा वाटणाऱ्या या गोष्टीत फार खोल हिशेब आहे. दोन टोकांस दोन महाभांडारे असली की गिऱ्हाईक एकातून दुसऱ्याकडे चालत जाते, आणि वाटेतील लहानसहान दुकानांची विक्री त्या येरझाऱ्यांवर होते. तिकडचे व्यापारी अशा भांडारास 'नांगर' म्हणतात, ते यथार्थ आहे. प्रारंभी एकंदर ७२ दुकाने होती, भोवती पाच हजारांवर मोटारींची जागा होती, आणि मध्ये ग्रुएनचा लाडका चौक होता: झाडे, पक्ष्यांचा भला मोठा पिंजरा, हॅरी बर्टोया याने घडविलेली धातूची सोनेरी झाडे. मिनेसोटात वर्षातले थोडेच दिवस मोकळ्या हवेत बाजार करण्याजोगे असतात. त्या चौकात मात्र अक्षय वसंत. फ्रँक लॉइड राइट हा त्या देशातील नामांकित वास्तुविशारद त्याच नोव्हेंबरात तेथे आला आणि खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दोष येथे आहेत, गोडवा तेवढा नाही, अशी संभावना करून गेला.

ग्रुएनचा संकल्प एवढ्यावर थांबणारा नव्हता. मॉलच्या भोवती घरे, शाळा, रुग्णालय, उद्यान, तळे असे अवघे नगर त्याने कागदावर आखले होते. रुग्णालयासारख्या काही गोष्टी पुढे झाल्याही; परंतु नगर झाले नाही. भोवतालची जमीन महागली आणि ज्याला जे परवडले त्याने ते उठविले. इकडे राजधानीतील कायदेही मॉलच्याच बाजूला होते. नव्या इमारतीची झीज आरंभीच्या वर्षांतच भरघोस वजा दाखवून कर वाचविण्याची सवलत १९५४ साली मिळाली, आणि १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. भांडवलवाल्यांना याहून काय हवे? मिनिआपोलिसची लोकसंख्या १९५० साली ५,२१,७१८ होती, ती १९८० साली ३,७०,९५१ वर आली. याचे खापर एका साउथडेलवर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि शहरातील भांडारांचे गिऱ्हाईक कोणत्या दिशेने गेले, हे सांगावयास पंडित नको.

वहिनींना आम्ही हे सांगू लागलो, तर त्यांनी विचारले, "मग या चौकात यायची मुभा कोणाकोणाला होती?" प्रश्न मार्मिक होता. याच ईडायनात १९२४ साली वसविलेल्या एका वसाहतीच्या खरेदीखतांत गोऱ्यांखेरीज कोणास घर विकू नये, भाड्याने देऊ नये, अशी अट होती. अशा नव्या अटींस मिनेसोटाने बंदी केली ती १९५३ साली, साउथडेल उघडण्याच्या अवघी तीन वर्षे आधी. आमचा पुतण्या आज ज्या गावी सुखाने राहतो, तेथील एका भागात त्याच्या वर्णाच्या माणसास घर मिळाले नसते. दुसरी गोष्ट चौकाच्या मुळावरच येणारी आहे. शेजारच्या ब्लूमिंग्टन गावी १९९२ साली उघडलेल्या अतिप्रचंड 'मॉल ऑफ अमेरिका'त काहींनी लोकरी कातड्यांच्या विक्रीविरुद्ध निदर्शने केली. १९९९ साली मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मॉल ही खाजगी मिळकत आहे. तेथे भाषणस्वातंत्र्याचा हक्क चालत नाही. आमच्या मंडईत भाजीही मिळते आणि सभाही गाजतात. जेथे भाव विचारता येतो पण जाब विचारता येत नाही, त्यास चौक म्हणावे की दुकानाचे अंगण?

ग्रुएनला हे उमगले होते. १९६८ साली तो व्हिएन्नास परतला; तेथेही शहराच्या दक्षिणेस १९७६ साली एक अवाढव्य मॉल उभा राहिला. १९७८ साली लंडनमध्ये बोलताना त्याने या संततीचे पितृत्व साफ नाकारले व १९८० साली तो वारला. आम्हांस त्याची कीव येते, पण पुरती नव्हे. दुकानदाराच्या पैशाने देऊळ बांधावयास निघालेल्या माणसाने घंटेऐवजी गल्ला वाजू लागला म्हणून नवल करू नये.

भांडारांची गत तर अधिकच चमत्कारिक. काचमहालाची मोकळी पडलेली शहरातील इमारत १९८२ साली आगीत गेली. १९८७ साली डोनाल्डसन हे नावही गेले. डेटन यांनीच १९६२ साली टार्गेट नावाचे स्वस्ताईचे दुकान काढले. ते पोर एवढे माजले की २००० साली सगळ्या कंपनीने त्याचेच नाव घेतले, आणि वडिलार्जित भांडारावरील डेटन ही पाटी पुढच्या वर्षी उतरली. तेथे मार्शल फील्ड्स आले, २००६ साली मेसीज आले. १९७० नंतर आलेल्या पेनी यांच्या भांडाराच्या जागी तर आता व्यायामशाळा आहे.

परंतु त्या सकाळी दुकाने उघडण्यापूर्वीच वीस-पंचवीस म्हातारी माणसे त्या छपराखाली झपझप चालत होती. बाहेर पाय घसरून हाड मोडण्याची धास्ती. आत कोरडी, सपाट वाट. वहिनींच्या सोबतीला एक वृद्धा होती. तरुणपणी ती डेटनच्या हातमोज्यांच्या विभागात कामास होती. मेसीजच्या दाराशी थांबून ती म्हणाली, "हे डेटनचे." वहिनींनीही मान डोलावून मराठीत म्हटले, "डेटनचेच हो!" दोघींना एकमेकींची भाषा किती कळते कोण जाणे. बाकावर बसून त्यांनी थर्मासातला चहा वाटून घेतला; काही विकत घेतले नाही.

आम्ही पंधरा दिवस राहिलो. रोज बोलू म्हणता म्हणता विषय राहून जाई. निघण्याच्या आदल्या सकाळी त्या सोनेरी झाडांखालून जाताना वहिनींनीच विचारले,

"भाऊजी, तिकिटे दोन काढणार होता ना?"

आम्ही चपापलो. म्हणालो, "एकच काढले आहे."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पाय उचला. अजून दोन फेऱ्या व्हायच्यात."