रेषा कुठे टेकवायची

मोठ्या पीकच्या शेपटीवर बसलेल्या अशुद्धीचं क्षेत्रफळ नेमकं किती, या एका प्रश्नात माझी नोकरीतली बरीच वर्षं गेली. बफर गाळणं, पंपातली हवा काढणं, कॉलम रात्रभर धुवायला लावणं ही हाताला वळण पडलेली कामं. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्या शेपटीबद्दल मात्र अजून बोलावंसं वाटतं.

आमचं औषध अमाइन. कॉलममधल्या सिलिकावरचे सायलॅनॉल गट अमाइनला धरून ठेवतात, मग सावकाश सोडतात. त्यामुळे आलेखावर औषधाचा पीक चढतो ताठ आणि उतरतो रेंगाळत. त्या लांब उतारावर एक बारीक उंचवटा. त्याच्या पायथ्याशी उभी रेषा खाली सोडली, तर मोठ्याच्या शेपटीचा तुकडा छोट्याच्या खात्यात जमा होतो. तिरकी रेषा मारून वरवर तासून घेतला, तर छोट्याचंच थोडं मोठ्याकडे जातं. खरा आकडा या दोहोंच्या मधे कुठेतरी. एकाच क्रोमॅटोग्रामवर मी उभ्या रेषेने ०.१३ टक्के आणि तिरक्या रेषेने ०.०८ टक्के काढून दाखवू शकते, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे पाठ्यपुस्तकाचा आधार असेल. रोजचा डोस फार मोठा नसेल तर औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचच्या नियमाप्रमाणे अशुद्धीची ओळख पटवायची ती ०.१० टक्क्यांच्या वर. म्हणजे एका रेषेच्या कलावर पुढचे कित्येक महिने ठरायचे: अशुद्धी वेगळी काढा, तिची रचना शोधा, फाइल पुन्हा लिहा, नाहीतर काहीच नको, माल सोडून द्या.

एमएस्सीला असताना आमच्या सरांनी आम्हाला आलेखाचा कागद कात्रीने कापून पीकचं वजन करायला लावलं होतं. इंटिग्रेटर तेव्हा आलेले होते, पण सरांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. पावसाळ्यात कागद ओल धरायचा आणि वजन वाढायचं. म्हणून त्याच रोलचा कोरा चौकोनही कापून तोलायचा आणि त्या हिशेबाने आकडा काढायचा. कात्री कुठे फिरवायची हे मात्र सर सांगायचे नाहीत. ‘बघ’ म्हणायचे. मी बघायला शिकले ती तिथे, आणि माझ्या गर्वाची सुरुवातही तिथलीच. पुढे नोकरीत वादाचा क्रोमॅटोग्राम निघाला की तो माझ्या टेबलावर यायचा. मी माउस धरून रेषा टेकवायची आणि लोक मान डोलवायचे. ‘मॅडमची नजर’ हा शब्दप्रयोग आमच्या मजल्यावर रूढ झाला होता. तो मी कधी खोडून काढला नाही.

मग ऑडिट ट्रेल आला. अमेरिकी एफडीएचा पार्ट ११ चा नियम १९९७ चा, पण त्याचा काच आमच्या बोटांना जाणवला तो बराच नंतर. आता हाताने रेषा हलवली की सॉफ्टवेअर एक चौकट उघडतं आणि कारण विचारतं. जुनी रेषा पुसली जात नाही. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं मागे राहतं. हे योग्यच आहे. नको तो पीक हाताने चेपून माल पास करणारे लोक या धंद्यात होते, आणि त्यांच्यामुळेच ही चौकट आली. पण त्या चौकटीत मी काय लिहिणार? ‘शेपटीचा उतार इथे मोडतो असं वाटलं’? ‘वाटलं’ हा शब्द ऑडिटरला चालत नाही. मी ‘बेसलाइन अयोग्य’ असं लिहायचे. त्याचा अर्थ काय, हे कुणी पुढे विचारलंच असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विचारलं ते माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या एका मुलीने. तिला टोमणा मारायचा नव्हता, शिकायचंच होतं. “मॅडम, तुम्ही इथेच का थांबलात? दोन सेकंद पुढे का नाही?” मी सांगू लागले. नॉइज, उताराचा कल, मागच्या बॅचेसचा अनुभव. तिने वहीत लिहून घेतलं, तेच निकष लावून स्वतः रेषा टेकवली, आणि तिची रेषा माझ्याहून वेगळ्या जागी पडली. चूक म्हणावी अशी नव्हती. वेगळी होती, एवढंच.

प्रॉडक्शनच्या दबावाखाली मी रेषा कधी हलवली नाही, हे सांगताना माझी मान अजून ताठ होते. पण याची दुसरी बाजूही आहे. ०.०८ आणि ०.१३ यांत निवड करायची वेळ आली की माझा हात ०.१३ कडे जायचा, आणि त्यात शास्त्र जितकं होतं तितकाच धाकही होता. कडक बाई म्हणून माझं नाव होतं, ते मला आवडायचं. माल अडवण्यातही एक चव असते. ती जिभेला लागली की आपण निःपक्षपाती आहोत असं स्वतःला सांगणं फार सोपं जातं.

मास स्पेक्ट्रोमीटरवाल्यांना यातलं काहीच पटत नाही. त्यांचं म्हणणं, पीक एकमेकांवर पडले तर पडू देत, आम्ही वस्तुमानावरून वेगळे ओळखतो. आमच्या जेवणाच्या टेबलावर हा वाद नेहमी व्हायचा आणि मी बहुतेकदा जिंकायचे, कारण माझा आवाज मोठा. २०१८ साली व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए ही कर्करोगाचा संशय असलेली अशुद्धी सापडली तेव्हा मात्र मी गप्प झाले. दिवसाला ९६ नॅनोग्रॅमची मर्यादा. ३२० मिलिग्रॅमच्या गोळीत ती दशलक्षात ०.३ भाग होते. माझ्या यूव्ही डिटेक्टरवर तिथे सपाट बेसलाइन दिसली असती आणि मी त्यावर समाधानाने सही केली असती. तरी माझं मत बदललेलं नाही. मुख्य औषधाच्या पुरात सापडलेल्या बारीक रेणूचा संकेत मास स्पेक्ट्रोमीटरमध्येही दबतो. आधी वेगळं करा, मग मोजा. हल्लीच्या मुलांना वेगळं करण्याचा कंटाळा येतो. महागडं यंत्र घेतलं की रसायनशास्त्रातून सुट्टी, अशी त्यांची समजूत आहे.

रेषा कुठे टेकवायची हा प्रश्न क्रोमॅटोग्राफी शोधणाऱ्या त्स्वेटलाही पहिल्या दिवसापासून होता. चॉकची पूड भरलेल्या काचेच्या नळीतून त्याने पानातली रंगद्रव्यं उतरवली, हिरवे-पिवळे पट्टे पडले. मग तो ती पूड सबंध नळीबाहेर ढकलायचा आणि सुरीने पट्टे कापायचा. पट्ट्याची कड धूसर असताना सुरी कुठे ठेवायची, हे त्यालाही कुणी सांगितलं नसणार. १९०६ साली त्याचे लेख आले. नावाजलेल्या रसायनज्ञांनी ते फारसे मनावर घेतले नाहीत. १९१९ मध्ये तो गेला, आणि पद्धतीला खरे दिवस आले ते १९३१ नंतर, हायडेलबर्गच्या कुन आणि लेडरर यांच्या कामामुळे. पण त्स्वेटची एक गोष्ट मी सोयीस्करपणे विसरले होते. त्याने शंभराहून जास्त शोषक पदार्थ तपासले होते. पट्टे नीट सुटत नाहीत असं दिसलं की तो सुरीला धार लावत बसत नसे, पूड बदलायचा.

त्या मुलीने तेच केलं. आमच्या काळी पीएच आठच्या वर न्यायचा नाही हा नियम पाठ होता, कारण सिलिका विरघळते आणि कॉलम बसतो. म्हणून आम्ही आम्लाच्या बाजूला राहायचो, ट्रायएथिलअमाइन घालून शेपटी आवरायचो आणि उरलेलं नजरेवर सोडायचो. तिने हायब्रिड कणांचा कॉलम घेतला आणि अमोनियम बायकार्बोनेटने पीएच सरळ दहावर नेला. तिथे अमाइनवरचा भार जातो, सायलॅनॉलशी त्याचं भांडण जवळजवळ मिटतं. पीक सरळ उभा राहिला. आणि अशुद्धी शेपटीवरून उठून मुख्य पीकच्या पुढे येऊन बसली, स्वच्छ बेसलाइनवर. रेषा यंत्राने स्वतःच टेकवली. चौकट उघडलीच नाही.

मी तिचं कौतुक केलं, सगळ्यांसमोर केलं. नंतर दार लावून जुन्या बॅचेसचे राखून ठेवलेले नमुने नव्या पद्धतीने कसे आले ते तपासत बसले. पद्धत तपासावी लागतेच, पण मी ते त्यासाठी करत नव्हते. मला माझी रेषा बरोबर होती का, ते बघायचं होतं. काही बॅचेसना आकडा माझ्या बाजूला निघाला, काहींना तिरक्या रेषेच्या. माझ्या बाजूच्या बॅचेस मी तिला दाखवल्या. बाकीच्या तिने स्वतः शोधून काढल्या आणि काही बोलली नाही, याचा मला जास्त राग आला.

मध्यंतरी स्टॅबिलिटीच्या नमुन्यात, याच नव्या पद्धतीत, मुख्य पीकच्या उतारावर एक खांदा दिसू लागला. आम्लाच्या बाजूला तो पूर्ण झाकलेला होता. बातमी ऐकून मला झालेला आनंद एका विश्लेषकाला न शोभणारा होता. मी खुर्ची ओढून माउसकडे हात नेला, तर ती म्हणाली, “थांबा मॅडम, आधी कॉलमचं तापमान दहा अंशांनी बदलून बघते.” बघ म्हटलं. त्या खांद्याची एक प्रिंट मात्र मी मागून घेतली आणि पेन्सिलीने तिच्यावर दोन्ही रेषा मारल्या. माझ्या मते तो ०.१२ आहे. तापमान बदलून तो सुटला तर कळेलच, पण मी हा आकडा तारीख घालून लिहून ठेवला आहे.