जीपमधला उजेड

कांद्याच्या पाण्याला लाईट रात्रीची. परवा मळ्यातून तिसगावला निघताना जुन्या कमांडरमध्ये क्लचजवळ पायाला काहीतरी मऊ लागलं. सुतळीचा तोडा निघाला, पण घाम फुटला. आतला दिवा कधीचाच गेलेला.

काल स्वतःच बसवला. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली. १२ व्होल्टची एलईडी पट्टी डॅशखाली, तोंड पायाकडं. २ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच टाकला. वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी रिंग घातली. नाहीतर आपल्या रस्त्यांवर वायर घासून सोलते अन् गाडी पेटायची वेळ येते. उजेड पिवळाच घ्या. पांढऱ्यानं डोळे दिपतात, मग बाहेर बांधावरचं काही दिसत नाही.

बटण दाराजवळ ठेवलंय, बसायच्या आधी दाबायला. तात्या मात्र अजून आधी काठीच आपटतात.